झाड माझं, नारळ देवाचे

खरं सांगते, त्या वर्षी माझं आणि देवाचं फारसं जमत नव्हतं. इकडे परदेशात, शॉमबर्गमध्ये, आम्ही नुकतंच टाउनहाउस घेतलं होतं आणि देवघर होतं वॉक-इन क्लॉझेटमध्ये, कारण हॉलमध्ये उदबत्ती लावली की स्मोक अलार्म बोंबलायचा. सकाळी ऑफिसच्या गडबडीत हँगर बाजूला सारून मी फूल वाहायचे, दोन मिनिटं हात जोडायचे आणि मनात यायचं, अगं बाई, ऐकणारं कोणी आहे तरी का तिकडे? आईने शिकवलं म्हणून करत होते, इतकंच. त्यात भाव कमी आणि सवय जास्त.

आमच्या गृहप्रवेशाला माझ्या नवऱ्याच्या, मंदारच्या, ऑफिसातला योहान आला होता. इंडोनेशियातल्या मालुकू बेटांकडचा, शांत, मिश्किल माणूस. सगळे जण बॅकयार्ड किती, कुंपण कुठवर यावर तावातावाने बोलत होते. योहान म्हणाला, "माझीही प्रॉपर्टी आहे बरं का गावाकडे. नारळाची झाडं!" आणि जमीन? जमीन म्हणे सगळ्या कुळाची. झाड मात्र ज्याने लावलं त्याचं, मग त्याच्या मुलांचं. आपलं झाड दुसऱ्याच्या दारात असलं तरी ते आपलंच, त्यावरून भांडण नाही. मंदार हसून हसून बेजार झाला. "यार, हे आमच्या हाउसिंग असोसिएशनला येऊन सांग!" जाताना योहान म्हणाला, उन्हाळ्यात मी चाललोय, तुम्हीही चला. आमच्या घरात विचार करण्याचं खातं माझ्याकडे आहे, मंदारने तिकिटं काढूनसुद्धा टाकली.

असे आम्ही दोन हजार सहाच्या जुलैत निघालो. सई तेव्हा सहा वर्षांची. विमानं बदलत बदलत अंबोन, तिथून मोठं जहाज आणि शेवटी एक लाकडी मोटरबोट, जिच्यात कोंबड्या, तांदळाची पोती आणि आम्ही एकाच मानाने बसलो होतो. समुद्राचा मूड असेल तर बोट येते, नसेल तर नाही, असा तिथला कारभार. पण गाव पाहिलं आणि शीण उतरला. कुंपण नावाची वस्तू नाही. पडवीत बसलेली माणसं येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारणार, बसवून घेणार. योहानच्या आईला मी पहिल्याच दिवसापासून आजीच म्हणायला लागले. त्यांना माझी भाषा कळत नव्हती, मला त्यांची, पण स्वयंपाकघरात दोन बायकांचं काही अडत नाही.

नारळाच्या प्रत्येक बुंध्याला कोवळ्या झावळीचं विणलेलं काहीतरी बांधलेलं होतं. मला वाटलं, कोणाचं लग्न आहे. योहान म्हणाला, "ही बंदी आहे. नारळ पूर्ण पिकेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. चर्चमध्ये प्रार्थना करून सगळी झाडं देवाच्या स्वाधीन करतात. पिकली की पुन्हा प्रार्थना करून परत घेतात." सईने वर बघून विचारलं, "इव्हन युअर ओन ट्रीज, योहानकाका?" तो म्हणाला, "झाड माझं. पण नारळ आत्ता माझे नाहीत." मला ते ऐकायला फार गोड वाटलं. गोड वाटण्यापलीकडे काही नाही.

मग सईचं पोट बिघडलं. उलट्या, जुलाब, काही केल्या थांबेनात. औषधांची पिशवी होती, पण पोटात गोळी ठरेल तर उपयोग! साखर-मीठ-पाणी, पेज, क्षारांच्या पुड्यांचं पाणी, जे पाजावं ते बाहेर. डोळे खोल गेले, ओठ सुकले, हाक मारली की नुसती पापणी हलायची. दवाखाना दुसऱ्या बेटावर आणि वारा असा सुटलेला की बोट येईना, गावातल्या होड्याही वर ओढून ठेवलेल्या. आजींनी सईच्या पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. योहानला त्या काहीतरी म्हणाल्या आणि दोघांनी वर पाहिलं, नारळांकडे.

"शहाळ्याचं पाणी कदाचित ठरेल पोटात," योहान म्हणाला.

मंदारचा तोल सुटला. "मग काढ ना! यार, तुझंच झाड आहे, तूच मालक!" तो स्वतःच चढायला धावला, मी दंडाला धरून थांबवला. का थांबवला, देव जाणे. आतून तर मीही ओरडत होते, काढा, काढा. योहानचा चेहरा पडला होता. तो म्हणाला, "ही बंदी मला एकट्याला उघडता येत नाही. पण आई गेलीय." आणि पाहते तर आजी वाळूतून अनवाणी पळत चर्चकडे निघाल्या होत्या. या वयात! थोड्या वेळाने भरदुपारी घंटा वाजली आणि घराघरांतून माणसं निघाली, कोणी जाळं विणता विणता, कोणी ओल्या हातांनी.

बंदी उघडायची तर गावाची उघडते, एका घराची नाही. आणि ज्याची गरज असेल त्याने पुढे येऊन मागायचं. चर्चमध्ये सगळे जमल्यावर पास्टरांनी खूण केली. सईला खांद्यावर घेऊन मी उभी राहिले. ती पिळलेल्या फडक्यासारखी लोंबत होती. मी मराठीतच सुरुवात केली, "देवा, माझी मुलगी..." आणि 'माझी'वर अडले. सगळं गाव आपापली झाडं त्याच्या हवाली करून निवांत बसलं होतं आणि मी मूठ इतकी घट्ट आवळली होती की त्यात कोणी काही ठेवायचं म्हटलं तरी जागा नव्हती. मग मी एवढंच म्हणाले, "तुझीच आहे. तू दिलीस म्हणून माझी. आता तू बघ." आणि ढसाढसा रडले. एक शब्द न कळता सगळं चर्च 'आमेन' म्हणालं. बाजूची बाई माझी पाठ चोळत होती.

पास्टरांनी बुंध्याची झावळी सोडली. योहान चढला, शहाळं उतरवलं आणि आजी चमच्याने पाजू लागल्या. एक चमचा, मग थांबायचं. आम्ही सगळे तिच्या घशाकडे बघत बसलो होतो. उलटी आली नाही. पुन्हा एक चमचा. बऱ्याच वेळाने सईने डोळे उघडले आणि म्हणाली, "मोअर, आई."

मंदार बाहेर जाऊन एकटाच रडला, असं योहानने मला नंतर सांगितलं.

आता बंदी सुटल्यावर ज्याला हवे त्याने नारळ काढायचे, असा नियम. आमच्यामुळे गावाचं पीक कच्चंच उतरणार म्हणून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सकाळी दार उघडलं तर पायऱ्यांवर शहाळीच शहाळी. प्रत्येक घराने आपापल्या झाडाचं एक आणून ठेवलं होतं, सईसाठी. स्वतःसाठी एकानेही काढलं नव्हतं. रविवारी पास्टरांनी झाडं पुन्हा देवाच्या स्वाधीन केली.

वारा पडला, बोट आली. सई स्वतःच्या पायांनी किनाऱ्यापर्यंत चालली. डॉक्टर म्हणतील शरीरातलं पाणी भरून निघालं, दुसरं काय. म्हणू देत. मी वाद घालत नाही. निघताना आजींचे हात धरून योहानला म्हटलं, विचार, हे मी कसं फेडू? त्या खळखळून हसल्या, काहीतरी बोलल्या. योहान म्हणाला, "आई म्हणते, दिले त्याने. आम्ही फक्त झाडावर चढलो."

बोट निघाली. सगळं गाव किनाऱ्यावर उभं होतं, आजी सर्वांत पुढे, गुडघाभर पाण्यात. सई मंदारच्या मांडीवरून हात हलवत होती आणि मी हात जोडून बसले होते, किनारा दिसेनासा झाला तरी. त्या माणसांना जोडले होते की त्याला, हे वेगळं करावं असं मला वाटलंच नाही.