अंगठ्याचा डाग

उधन्यात साडीच्या खोक्यांवरची चित्रं कॉम्प्युटरवर करणारे एक धुळ्याकडचे भाऊ होते. मॉनिटरशेजारी कायम एक लिंबू असायचं. मोती काढायचा असला की ते लिंबू खिडकीत धरायचे. "आधी उजेड कुठून येतो ते देखा," म्हणायचे, मग माउसने सावली हळूहळू गडद करत न्यायचे.

मी त्यांच्या हाताखाली काम शिकत होतो. एकदा माझ्यासमोर एक शेठ छापलेला नमुना पाहून चिडले. "मोती क्यों चिपकाए?" म्हणत त्यांनी कापड पारखावं तसा तंबाखू मळलेला अंगठा चित्रावर घासला. कागद सपाट होता. मोत्यांवर फक्त तंबाखूचा डाग पडला.

भाऊ हसले नाहीत. त्यांनी शेठना दुसरी प्रत दिली आणि डागाची भिंतीवर लावली. येणाऱ्या गिऱ्हाइकाला तो डाग ते कधी दाखवत नसत. मी दाखवायचो.