एक कॉम्प्युटर, तीन टेपवाले

आमच्या अमरावतीच्या स्टुडिओत गाणी कमी अन् किस्सेच जास्त रेकॉर्ड होतात. कारण सोफ्यावर तीन म्हातारे कायमचे बसलेले: मालक सलीमचाचा, गाणं शिकवून रिटायर झालेले जोशी सर आणि वकीलकाका. तिघांचं मत एकच. टेपचा आवाज अस्सल, कॉम्प्युटरचा मेलेला! अन् मी इंजिनिअरिंग सोडून त्याच कॉम्प्युटरवर बसलोय. बाबांची अट आहे, "या तिघायनं तुह्या रेकॉर्डिंगले चांगलं म्हटलं तं ठीक. नाई तं कॉलेजात वापस!"

* * *

वकीलकाका रोज जुन्या कॅसेटचं गाणं मोबाइलवर पाठवतात. खाली लिहितात, 'डिजिटलच्या बापाले जमणार नाई!'

म्हटलं, "काका, मोबाइलवर आलं म्हणजे डिजिटलच झालं नं!"

काका उखडले, "मोबाइल माहा आहे. त्यात काय येते ते तू मले शिकवतं?"

* * *

चांदूर बाजारच्या देवळात भजन रेकॉर्ड केलं. पंख्याची घरघर मरमर करून काढली. मंडळाचे बुवा ऐकून गंभीर.

"पंखा कुठी गेला?"

"काढला, बुवा."

"काहून? त्याच्यावर आमच्या पाटलायचं नाव आहे! देणगीचा पंखा आहे तो!"

टाकला वापस.

* * *

जोशी सरांच्या अकोल्याच्या घरी, भर मे महिन्यात, त्यांचीच जुनी टेप ऐकत होतो. व्होल्टेज उतरलं, टेप रेंगाळली, आवाज खाली गेला. सर डोळे मिटून म्हणाले, "काय खर्ज लागायचा माझा! डिजिटलला एवढं खोल जाता येत नाही."

तेवढ्यात व्होल्टेज आलं. सरांचा आवाज चिरका झाला.

"बघ! तुझ्या कॉम्प्युटरनं वाट लावली!"

कॉम्प्युटर अमरावतीत होता.

* * *

शेवटी बाबांसमोरच परीक्षा लावली. एकच गझल, टेपवर अन् कॉम्प्युटरवर एकदमच रेकॉर्ड केलेली. ओळखा म्हटलं.

पहिल्यांदा लावली. सर म्हणाले, "प्लास्टिक." काका म्हणाले, "जान नाई." चाचांनी नुसती नकारार्थी मान हलवली.

दुसऱ्यांदा लावली. सर मांडीवर ताल धरून बसले, काका वाहवा करत सुटले. चाचांचे डोळे भरून आले. "बस! ये है टेप!"

"दोन्ही वेळेस कॉम्प्युटरच होता!" मी ओरडलो. "एकच फाइल!"

बाबा माझ्याकडे असे बघायला लागले, जसा मी पास झालोय!

चाचांनी शांतपणे चहाचा घोट घेतला. "तो क्या हुआ, बेटा? दुसऱ्यांदा ऐकलं का गाणं चांगलंच लागते."

बाबा उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मंग चाल. कॉलेजातही दुसऱ्यांदा जाऊन पाह्य!"