आठ कळ्यांची माया

शिंपीणकाकूंनी शिवलेला कपडा कधी कुणाला कायमचा घट्ट झाला नाही. शिलाईच्या आत दोन बोटं माया, म्हणजे जास्तीचं कापड, सोडायचीच, हा त्यांचा एकतीस वर्षांचा नेम. "कपडा तेवढाच राहतो, माणूस राहत नाही," असं त्या गिऱ्हाइकाच्या पोटाकडे बघून सांगत. चाळिशीत शिवलेला कोट साठीत सैल करून नेणारे लोक त्यांना दुवा देत.

त्यांची लेक कारखान्यात लेथवर काम करी आणि सुट्टीला हौशी मंडळात रॉकेटं उडवी. "लोकांची मुलं घरात दारू आणतात ती प्यायची, माझी आणते ती उडवायची," असं काकू कौतुकाने सांगत. रॉकेट अलगद खाली यावं म्हणून लागणारी कापडी छत्री त्याच शिवत. आठ कळ्यांची, म्हणजे आठ निमुळत्या पट्ट्या जोडलेली, नायलॉनची.

यंदा लेकीने लांब मोटर आणली. मोटर म्हणजे रॉकेटच्या पोटातली जळणाची कांडी. ती खालून सरकवली तर इतकी वर आली, की छत्री, तिची दोरी आणि आचेपासून वाचवणारं फडकं यांना मिळून जेमतेम वीतभर जागा उरली. नुसती गुंडाळलेली छत्रीच दीड वीत!

मंडळाचे मास्तर आले, त्यांनी रॉकेटच्या नळीत डोकावून पाहिलं. "काकू, विकतची लहान छत्री घालू या."

"एवढं जड धूड लहान छत्रीवर? आपटेल ते!" लेक म्हणाली. तीन वर्षं तिने हे रॉकेट घासलं होतं.

"मग रविवारी उडवायला माझी परवानगी नाही."

मास्तर गेले. लेकीने छत्री चाचपली, पुन्हा चाचपली आणि हळूच म्हणाली, "आई, कापड नाही गं अडत. तुझी माया अडतेय."

"माया कुणाला अडते होय?"

"आठ शिलाया, प्रत्येकीला दोन बोटं, तीही दुहेरी. रॉकेट काय साठीत जाड होणार आहे?"

काकूंनी छत्री तिच्या हातातून ओढून घेतली. ही पोर आपल्याच दुकानात आपल्यालाच शिवण शिकवते! पण त्यांनी कात्री घेतली. आयुष्यात पहिल्यांदा माया कापली. उरलेली अर्ध्या बोटाची कड आत दुमडून प्रत्येक शिलाईवर आणखी दोन टिपा मारल्या. मग एक टोक पायाखाली धरून दुसरं दातओठ खाऊन ओढलं. टाका हलला नाही. छत्रीच्या बारीक चुण्या घालून गुंडाळी केली, नळीत सोडली आणि नळी उलटी केली. छत्री लोण्यासारखी बाहेर घसरली. मास्तरांना पुन्हा बोलावलं; त्यांनीही तीनदा करून बघितलं आणि परवानगी दिली.

रविवारी माळावर रॉकेट सुसाट गेलं, ठिपका झालं. वर फट्‌ झालं, टोक सुटून छत्री बाहेर आली. काकू डोळ्यांवर हात धरून बघत होत्या. एवढ्या वजनाचा हिसका अर्ध्या बोटाच्या शिलाईवर! मग आठही कळ्या टम्म फुगल्या आणि धूड डुलत डुलत खाली आलं.

सगळे रॉकेटकडे धावले. काकू मात्र छत्री मांडीवर घेऊन एकेक शिलाई नखाने तपासत बसल्या. कुठे दोरासुद्धा ताणला गेला नव्हता.

"रॉकेट कुणाचं हो?" बघायला आलेल्या एका गृहस्थाने विचारलं.

"लेकीचं. पण खाली आणलं ते मी."

त्याने पुढे काही विचारलं नाही, तरी काकूंनी त्याला आठही शिलाया दाखवल्या.