डिकीतली बाटली

साडूवरचा राग सासरी काढता येत नाही. म्हणून मी माझा दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत पोटात ठेवला. मुरू दिला म्हणा ना.

दिवाळीत आम्ही त्यांच्याकडे पुण्याला गेलो होतो. माझी मुलगी जॉर्जियात डॉक्टरकी शिकून नुकतीच परतली होती; इथली परवान्याची परीक्षा व्हायची होती. साडूभाऊंना वाईनचं वेड, म्हणून तिनं तिकडून दोन बाटल्या आणल्या. एक त्यांना, एक आम्हाला. रकात्सितेली नावाचं द्राक्ष. पांढरंच, पण तिकडचे लोक ते सालीबियांसकट जमिनीत पुरलेल्या रांजणात आंबवतात, म्हणून वाईन मधाच्या रंगाची होते. पोरगी हे हौसेनं सांगत होती.

त्यांनी बाटली उघडली, वास घेतला, नाक मुरडलं आणि सगळी बेसिनमध्ये ओतली. घरभर पाहुणे होते. "काबर्ने, शिराझ. याच्यापुढे वाईन नसते," म्हणाले. "जॉर्जियाची वाईन आणि जॉर्जियाची डॉक्टर, दोन्ही इथे चालत नाहीत."

लोक हसले. पोरगीही हसली. अकोल्याला आल्यावर मात्र तिनं परीक्षेची पुस्तकं मिटली ती पुन्हा उघडलीच नाहीत. बायको म्हणे, "जाऊ द्या न, मोठे जावई हायेत." मी जाऊ दिलं नाही. तो माणूस मला जेवताना आठवायचा, दाढी करताना आठवायचा.

यंदा मे महिन्यातच धोंड्याचा महिना लागला. सासऱ्यांनी दोन्ही जावयांना अमरावतीला जेवायला बोलावलं. साडूभाऊ आणि मेव्हणी पुण्याहून गाडीनं आले. डिकीत फ्रान्सची काबर्ने. "संध्याकाळी तुमच्याकडे अकोल्याला उघडू," मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले. "वाईन कशाला म्हणतात ते कळू दे तुमच्या मुलीला."

सासऱ्यांच्या घरात बाटली नेणं शक्यच नव्हतं, त्यात धोंड्याचा महिना. ती डिकीतच राहिली आणि गाडी उघड्या अंगणात. आमच्याकडे मे महिन्यात लेकरंही गाडीत चॉकलेट विसरत नाहीत. मी एक वाक्य बोललो असतो तर भागलं असतं. मी बोललो, "साडूभाऊ, अजून एक धोंडा घ्या." वरून तुपाची धार सोडली. जेवणानंतर कूलरसमोर त्यांची गादी मीच घातली. ते घोरत राहिले, मी खिडकीतून डिकीकडे पाहत राहिलो. एवढं सुख मला स्वतःच्या लग्नातही झालं नव्हतं.

संध्याकाळी अकोल्याला गच्चीवर बसलो. बाटलीचं बूच वर सरकलं होतं, मान चिकट झाली होती. साडूभाऊंनी ते पाहिलं, बाटली रुमालानं पुसली. सगळ्यांना ओतली.

"अहो, हा तर काढा लागतोय," मेव्हणी म्हणाली.

"हिची सवय व्हावी लागते," असं म्हणत त्यांनी आपला ग्लास संपवला. संपवावाच लागला. प्रत्येक घोटाला त्यांचा चेहरा मी डोळे भरून पाहिला.

"बाई, तुही बाटली आण," मी मुलीला म्हणालो.

तिची बाटली उन्हाळाभर माठाखालच्या ओल्या रेतीत होती. तिनं मावशीला ओतली, आईला, मला. गार, तुरट, जर्दाळूच्या वासाची. मेव्हणीनं लगेच पुन्हा मागितली. मग साडूभाऊंनीही ग्लास पुढे केला.

आमच्याकडे पाहुण्याचा ग्लास रिकामा ठेवत नाहीत. पोरगी त्यांच्यासमोर क्षणभर थांबली.

"मावसाजी, हे इथं चालत नाही न," ती म्हणाली. बाटली खाली ठेवली. "मी अभ्यासाले बसते." आणि जिना उतरून गेली.

साडूभाऊंचा हात तसाच पुढे होता. बायको माझ्याकडे पाहत होती, मी पोरीला हाक मारून रागवावं म्हणून. मी उठलो, माठातून तांब्या भरला आणि साडूभाऊंच्या ग्लासात काठोकाठ पाणी ओतलं.