रवीने ताईवर लावलेला दावा

“मॅडम, मला विमानतळावर पकडतील का?”

शहाद्याच्या कोर्टातल्या बार रूममध्ये मी नुकताच डबा उघडला होता. तोंडात भरताचा घास, कानाला फोन. पलीकडे आयर्लंडहून वैशाली. ती तिथे एका हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. माहेर कळसाडीचं. माझी धाकटी बहीण आणि ती एका वर्गात होत्या, एवढीच आमची ओळख.

फोनच्या आधी तिने एक फोटो पाठवला होता. तिच्या माहेरचं दार. दारावर ‘शुभ लाभ’चं स्टिकर आणि त्याच्यावरच आडवा चिकटवलेला कोर्टाचा कागद. कुणा हौशी माणसाने तो फोटो काढून गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला होता. वैशालीला कळायच्या आधी अख्ख्या गावाने पाहिला. दोघातिघांनी तर खाली हात जोडल्याचं चित्रही टाकलं होतं, कुणी वारल्यासारखं.

मी फोटो मोठा करून वाचला. दिवाणी कोर्टाचं समन्स. समन्स म्हणजे नुसतं बोलावणं. दिवाणी म्हणजे जमीनजुमला, घरदार, हक्क यांचे वाद. त्यात पोलीस नसतात आणि बेड्याही नसतात. तारखेला स्वतः या किंवा वकील पाठवा, नाहीतर तुमचं न ऐकता निकाल होईल, एवढंच ते सांगतं.

“कुणी पकडत नाही,” मी म्हटलं. “वकीलपत्र सही करून पाठव. तुझ्या वतीने मी उभी राहते. दावा कुणी लावलाय?”

एकदम घरची अहिराणी बोली आली. “रवीनी. मन्हा सख्खा भाऊनी मन्हावर केस करी, मॅडम.”

आणि ती रडायला लागली. मी डबा बंद केला.

दोन दिवसांनी कोर्टातून दाव्याची नक्कल काढली आणि माझं डोकं चक्रावलं. वैशालीचे आईवडील दोघंही वारलेले. त्यांच्यामागे सातबाऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावर, रवी आणि वैशाली अशी दोन नावं लागली होती. शेत सगळं रवीच्या ताब्यात. कापूस, ऊस, विहीर, सगळं तोच बघतो. आणि दाव्यात मागणी काय, तर जमिनीचं सरसनिरस, म्हणजे चांगली-हलकी जमीन बघून सारखं, वाटप व्हावं आणि प्रत्येकाला निम्मा हिस्सा मिळावा.

आता, वाटपाचा दावा कोण लावतं? ज्याला मिळालेलं नसतं तो. बहीण भावावर लावते, धाकटा थोरल्यावर लावतो. ज्याच्या ताब्यात सगळंच आहे तो कशाला कोर्टाची पायरी चढेल? इतकी वर्षं काळा कोट घालतेय, पण ताटात वाढलेलं अर्धं उचला म्हणून कोर्टात आलेला माणूस मी पाहिला नव्हता.

शिवाय आमच्याकडे भावांना कोर्टाची गरजच पडत नाही. त्यांच्यासाठी आखाजी आहे. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. खानदेशात लेकीबाळींचा याहून मोठा सण नाही. भाऊ किंवा भाचा मुऱ्हाळी म्हणून सासरी जातो आणि बहिणीला घेऊन येतो. झाडांना झोके बांधतात, पोरी गाणी म्हणतात, पुरणपोळी आणि आमरस होतो. आणि त्याच्याच आगेमागे आमच्या ऑफिसांत हक्कसोडीची गर्दी उसळते. हक्कसोड म्हणजे बहिणीने जमिनीतला आपला हिस्सा भावाला सोडून दिल्याचा नोंदणी केलेला दस्त. बहीण आयती आलेलीच असते. झोक्यावरून उतरायचं, गाडीत बसायचं, सही करायची. बदल्यात लुगडं आणि माहेरचं दार उघडं. मागणाऱ्या बहिणीला ते दार बंद होतं, हे कुणाला सांगावं लागत नाही.

मग या रवीने नुसतं “ताई, ये, सही कर” का नाही म्हटलं? मला चैन पडेना. नवरा म्हणाला, “तुला फी केसची मिळते, चौकशीची नाही.”

तिकडे वैशालीने एव्हाना पक्कं ठरवून टाकलं होतं.

“मॅडम, लिहून द्या की मला काही नको. एक गुंठा नको. रवीला सगळं घेऊ दे.”

“वैशाली, दाव्यात तो तुला निम्मं—”

“मला वाचायचंच नाही ते! मागितलं असतं तर फोनवर दिलं असतं हो. दारावर कागद लावून गावभर तमाशा कशाला? त्याला सांगा, यापुढे कळसाडीत त्याला बहीण नाही. आखाजीची तिकिटं काढली होती, ती पण रद्द करते.”

मला मनापासून वाईट वाटलं. पण पक्षकार सांगेल ते लिहिणं माझं काम. मी तिची कैफियत टाइप केली. कैफियत म्हणजे दाव्याला दिलेलं लेखी उत्तर. ‘प्रतिवादीस मिळकतीत कोणताही हिस्सा नको.’ तो कागद कोर्टात गेला की जमीन गेली आणि भाऊही गेला. कैफियत द्यायला मुदत असते. म्हणून मी तो कागद पहिल्या तारखेला बॅगेतच ठेवला.

तारखेला रवी आला. पांढरा शर्ट, उन्हाने रापलेला चेहरा, नजर खाली. त्याला चिकटून त्याचे काका बसलेले. टोपी, मिशा आणि सगळ्या भाऊबंदांचा रुबाब एकट्याच्या अंगावर. मला बघून काका मोठ्याने म्हणाले, “वकीलबाई, वैशूले सांगा, सही करी टाक. परदेशमा ऱ्हाईसन शेत काय करसी?”

पुकारा होऊन पुढची तारीख पडली, तसा रवी काकांची नजर चुकवून जिन्यापाशी मला गाठून हळूच म्हणाला, “मॅडम, ताई काय म्हनी ऱ्हायनी? ‘नको’ ते नही म्हनी ना?”

मी थबकले. दावा लावणारा माणूस, समोरची हार मानेल म्हणून घाबरलेला!

समोरच्या पक्षकाराशी वकिलाने परभारे बोलायचं नसतं. मी त्याच्या वकिलांना शोधलं. त्यांना आम्ही सगळे अप्पा म्हणतो. “अप्पा, तुमच्या पक्षकाराला नक्की काय हवंय?”

“मला विचारू नका,” अप्पा म्हणाले. “मी त्याला म्हटलं, अरे हक्कसोड घे, खर्च वाचेल. तर म्हणतो, नको, दावाच लावा. चला, माझ्यासमोरच विचारा.”

काकांना अप्पांच्या कारकुनाने पुढची तारीख लिहून देण्याच्या निमित्ताने बसवून ठेवलं. आम्ही तिघं टपरीवर गेलो. रवीने चहाचा कप नुसताच हातात धरला.

“काका तीन वरीसफाईन मांगे लागेल शेतस,” तो म्हणाला. “आखाजीले ताई उनी की हक्कसोड करी ले. त्यासनी आपला बहिनीसनी करी लिधी, आते मन्ही पाळी.”

“आणि तुला नको आहे?”

“माय मरताना सांगी गयी, वैशूले तिन्हं देजो. पन मी आपला हातनी दिधं ते भाऊबंद माले उभं करावत नही. म्हनतीन, तू दिधं, आते आमन्या बहिनी बी मांगतीन. लगीन नही, मयत नही, कोन्ही दारशे येवाव नही.” मग त्याने माझ्याकडे पाहिलं. “कोर्टनी दिधं ते कोन्ही काय बोली? काकाले वाटस, कोर्टमाईन ताईनं नाव काढाले केस करी शे.”

अप्पांना चहाचा ठसका लागला.

“अरे पण ताईला तरी सांगायचंस!”

“सांगतू ते ती ‘नको रे’ म्हनती. माले वाटनं, समन्स गयं म्हंजे ती चिडी. चिडनी म्हंजे भांडी, आनि भांडनी म्हंजे निम्मं मांगी. लहानपनी तिन्हा हातनी कैरी लिधी ते ती माले चावाले धावे.” त्याने कप खाली ठेवला. “पन बेलीफ कागद दारवर लायी जाई, हाई माले काय मालूम?”

बेलीफ म्हणजे कोर्टाचे कागद पोचवणारा शिपाई. या शहाण्याने दाव्यात बहिणीचा पत्ता माहेरचाच दिला होता. बेलीफ आला तेव्हा रवी शेतात. त्याच्या बायकोने घाबरून कागद घेतला नाही, म्हणून बेलीफने दारावर चिकटवला. स्वतः लावलेल्या दाव्याचं समन्स रवीच्या स्वतःच्याच दारावर लागलं होतं.

“तिले सांगा, मांग म्हना. पन मन्हं नाव नका सांगू.”

“ते जमणार नाही,” मी म्हटलं. “ती माझी पक्षकार आहे. तिच्यापासून मी काही लपवत नाही.”

बॅगेतला कागद मी तिथेच फाडला आणि चुलीत टाकला. मग वैशालीला फोन लावला आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. आई काय म्हणाली होती, तेही सांगितलं. कैरी आठवून ती हसली.

“गधडा शे तो,” ती म्हणाली. “मॅडम, आता लिहा. निम्मा हिस्सा मागा. विहिरीत पण मागा. जोरात मागा!”

मागितला. यात लबाडी काहीच नव्हती. हक्क तिचा होताच. मुद्दाम भांडण उकरावं लागलं, ते गावासाठी. कोर्टाने निम्म्याचा हुकूमनामा केला. शेतजमीन प्रत्यक्ष तोडून देणं महसूल खात्याकडे असतं, त्यामुळे मोजणीदार येऊन खुणा करायला पुढे पुष्कळ वेळ गेला. निकालाच्या दिवशी काका जिना उतरताना रवीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “जाऊ दे, भाऊ. कायदाच तसा शे. तू काय करसी?” रवीने मान इतकी खाली घातली की मला वाटलं, हा आता हसतो आणि सगळं घालवतो.

निकालानंतरच्या आखाजीला वैशाली आली. नंदुरबार स्टेशनवर मुऱ्हाळी म्हणून रवी स्वतः उभा होता. तिने उतरताच आधी त्याच्या पाठीत धपाटा घातला म्हणे.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण त्याच आठवड्यात एक म्हातारी माझ्या ऑफिसात आली. त्या काकांचीच थोरली बहीण, रवीची फुई, म्हणजे आत्या. गोळ्या आणायच्या निमित्ताने घरातून निघाली होती. खुर्चीच्या टोकावर बसली आणि म्हणाली, “वकीलबाई, मन्हा भाऊले सांग ना, मन्हावर बी अशी केस करी टाक.”

मला तिला सांगावं लागलं की तिने हक्कसोडीवर अंगठा दिला त्याला खूप वर्षं झाली. उताऱ्यावर तिचं नावच नाही. आता तिला कुणी समन्स पाठवत नाही.

तिने पदर सारखा केला. “तवय कोन्ही माले ईचारंच नही, ‘बाई, तुले देनं शे का?’” ती म्हणाली. “एक डाव तरी ईचाराले पाहिजे व्हतं.”

परदेशात समन्स आलं तर घाबरू नका. वकील द्या, आणि आधी दावा नीट वाचा. एवढं सांगायला मी हे लिहायला बसले होते. स्वतः मी एकच गोष्ट बदलली. आखाजीच्या दिवसांत भाऊ बहिणीला घेऊन माझ्यासमोर हक्कसोडीला बसला की मी त्याला म्हणते, “भाऊ, जरा टपरीवर चहा सांगून या.” टपरी लांब आहे. तेवढ्या वेळात बहिणीला एकदा विचारून होतं.