घरच्या बाईंनी पसंत केलेला रंग
परवा वाळूजच्या कामावर डब्याचं झाकण उचकटलं, ओल्या रंगाचा वास नाकात गेला आणि हर्सूलकडचं ते हार्डवेअरचं दुकान आठवलं. आम्ही पेंटर, प्लंबर, फरशीवाले सकाळी सामान घ्यायला तिथंच जमायचो. दारात पुट्टीच्या गोण्या, वर टांगलेले ब्रश आणि कोपऱ्यात घरघरणारी रंग कालवायची मशीन. नमुन्याच्या कार्डावरचा रंग सांगितला की मालक प्रत्येक पेंटरला हटकायचा, “उस्ताद, घरच्या बाईंना दाखवला ना? एकदा कालवला की डबा वापस घेणार नाय.” बाईंना न दाखवता नेलेला रंग हमखास भिंतीवर चढल्यावर नापसंत व्हायचा. त्या दिवशी मी माझ्याच खोलीसाठी गेलो होतो. बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. एका गडद पिस्ता रंगावर बोट ठेवलं, तर मालकानं सवयीनं तेच विचारलं. त्याला काही माहीत नव्हतं, आणि माझ्याच्यानं सांगवेना. “दाखवून येतो,” म्हणालो आणि कार्ड घेऊन बाहेर पडलो. समोरच्या टपरीवर चहा घेतला. कार्ड उन्हात धरून बराच वेळ बसून राहिलो. मग आत जाऊन सांगितलं, “चांगला हाय म्हणती, पण लई गडद वाटतो तिला. जरा फिका करा.” मालक हसला, “बायकांचं असंच असतंय, उस्ताद,” आणि त्यानं मशीन सुरू केली. अजून संध्याकाळी दिवा लावला की त्या फिक्या भिंतीकडं बघत बसतो. मला तर गडदच आवडला होता.