दहाव्याच्या दिवशी सेमीफायनल

आइस हॉकीच्या रिंकच्या भिंतीवर टीमचा इतिहास फ्रेम करून लावला होता. दारापासून स्केट्स भाड्याने देण्याच्या काउंटरपर्यंत एका ओळीत फोटो होते, आणि बहुतेक फोटोंतली माणसं नुकतीच हरलेली होती. सेमीफायनल, सेमीफायनल, एकदा फायनल, पुन्हा सेमीफायनल. मधोमध जिंकल्याचा एकच फोटो. त्यात एक लांब केसांचा गोलकीपर चषक उलटा धरून टोपीसारखा डोक्यावर घालू पाहतोय.

त्या एका विजयाची गोष्ट मी टीमचं सामान सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याकडून अनेकदा ऐकली. तो लहानपणी आईवडिलांबरोबर बोटीने युरोपातून ऑस्ट्रेलियात आलेला. स्केट्सना धार लावता लावता तो गोष्ट सांगायचा आणि दर वेळी स्कोअर वेगळा असायचा. एकदा टीम दोन गोलांनी जिंकायची, एकदा शेवटच्या मिनिटाला. एकदा तर गोलकीपरचा अंगठा मोडलेला होता. मी म्हटलं, मागच्या आठवड्यात मनगट मोडलं होतं. तो म्हणाला, "मेट, हाडं भरपूर असतात हातात."

टीम प्रोफेशनल होती असं माहितीपत्रकात छापलेलं असे. खेळाडू स्वतःच्या हॉकी स्टिका स्वतः विकत घ्यायचे. कॅप्टन प्लंबर होता. सामन्याआधी दिवे घालवून धूर सोडत, एकच झोत बर्फावर पडे आणि निवेदक घसा ताणून त्याला 'पश्चिमेचा कर्दनकाळ' अशा अर्थाचं काहीतरी म्हणे. दोन तासांपूर्वी याच कर्दनकाळाने बायकांच्या स्वच्छतागृहातला तुंबलेला पाइप फुकटात मोकळा करून दिलेला असायचा. प्रेक्षक म्हणजे निम्मे नातेवाईक. मला आमच्याकडचे सत्कार आठवायचे, ज्यात शाल कोणी कोणाला द्यायची हे ठरलेलं असतं आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत पुढच्या वेळचे सत्कारमूर्ती बसलेले असतात.

मी काउंटरच्या आतल्या बाजूला असायचो. परत आलेल्या स्केट्समध्ये जंतुनाशक फवारायचं, नाड्या सरळ करायच्या, आणि सामन्याच्या दिवशी खेळाडूंच्या खोलीत पाण्याच्या बाटल्या भरून ठेवायच्या, नंतर खोली झाडायची. त्या वर्षांत भारतातून विमानं भरभरून विद्यार्थी सिडनीत उतरत होते. मी अकाउंटिंग शिकत होतो, कुणी स्वयंपाक, कुणी केस कापणं. खरं म्हणजे आम्ही सगळे एकच विषय शिकत होतो, पीआर, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा परवाना. माझी युनिव्हर्सिटी एका गालिच्यांच्या दुकानाच्या वरच्या दोन मजल्यांवर होती. तिच्या माहितीपत्रकावर मात्र झगे घातलेली मुलं हिरवळीवर टोप्या उडवत होती. ती हिरवळ कुठे आहे हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

पहिल्या वर्षी सीझन संपत आला तेव्हा एका संध्याकाळी शिफ्टला गेलो, तर खोलीतल्या एकूण एक माणसाची दाढी वाढलेली. आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की पुरुष दहा दिवस दाढी करत नाहीत, दहाव्याला नदीवर जाऊन करतात. मी म्हाताऱ्याला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "कोण वारलं?"

"अजून कुणी नाही," तो म्हणाला. "सेमीफायनल शनिवारी आहे."

मग त्याने समजावलं. टीम प्लेऑफमध्ये, म्हणजे शेवटच्या बाद फेरीत, पोचली की दाढीला हात लावायचा नाही. हरली की त्याच दिवशी, तिथेच करून टाकायची. जिंकली तर पुढच्या सामन्यापर्यंत ठेवायची. त्या शनिवारी टीम हरली. म्हाताऱ्याने कपाटाच्या वरून एक खोका काढला. त्यात निळ्या रेझरची पाकिटं आणि फोमचे डबे होते, तयारीत. ज्या टीमचा इतिहास असा, तिचा सामानवाला असाच हवा.

दुसऱ्या वर्षी, टीम पुन्हा सेमीफायनलला पोचल्यानंतर दोन दिवसांनी, काका गेले.

बाबा मी प्राथमिक शाळेत असताना वारले, आई त्याच्या आधीच. मला काका-काकूंनी वाढवलं. त्यांना मूल नव्हतं. काका कऱ्हाडच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते, लाउडस्पीकरवरून गाड्या पुकारायचे. घरी फार बोलत नसत. निवृत्तीच्या समारंभात मिळालेला नारळ त्यांनी त्याच दिवशी काकूला चटणीला दिला आणि शाल इस्त्रीच्या टेबलावर अंथरली. मी ऑस्ट्रेलियाला निघालो तेव्हा एवढंच म्हणाले, "खिडकीची जागा माग."

काकूने फोनवर सांगितलं, "सकाळी चहा ठेवला तेव्हा होते रे. गाळून आणला तर नव्हते."

मी येतो म्हणालो. ती म्हणाली, "येऊन काय करणार? भावकीतल्या एकाने अग्नी दिलाय. तुझी परीक्षा आहे, हजेरीचं ते व्हिसाचं आहे. तू असं कर, तिथे दाढी करू नकोस. दहाव्याला कर. इथे सकाळी संगमावर सगळे बसतील, त्याच सुमाराला तूही करून घे, डोक्यावरून आंघोळ कर. तेवढं केलंस तरी पुरे."

माझा या कशावर विश्वास नव्हता. काकांचाही नव्हता. पण काकूचा होता, आणि मुलाच्या जागी असलेल्या माणसाने करायच्या सगळ्या गोष्टींपैकी ही एकच माझ्या वाट्याला उरली होती. बाकी सगळं दुसऱ्या कुणीतरी केलेलं होतं.

सिडनीच्या टूनगॅबी उपनगरातल्या घरात आम्ही पाच जण राहायचो आणि एकमेकांना मुख्यतः फ्रिजवरून ओळखायचो. मी उठायचो तेव्हा दोघे टॅक्सी चालवून झोपायला येत. लुधियानाचा एक मुलगा चौथ्या दिवशी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या पराठा खात म्हणाला, "भाई, दाढ़ी जच रही है. लड़की-वड़की का चक्कर है क्या?" मी नाही म्हणालो. त्याला शिफ्टला उशीर होत होता. कॅसल हिलला एक मराठी कुटुंब ओळखीचं होतं, गणपतीत आरतीला जायचो त्यांच्याकडे. तिथे फोन केला. त्यांच्या मुलीने उचलला. "ममा इज इन द शॉवर. कॅन यू कॉल लेटर?" मी 'नो वरीज' म्हणालो आणि पुन्हा केला नाही. शॉवरमधून बाहेर आलेल्या माणसाला काय सांगायचं, हे ठरवता आलं नाही.

रिंकवर मात्र काही ठरवावंच लागलं नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी म्हाताऱ्याने माझ्याकडे निरखून पाहिलं आणि हातातला स्केट खाली ठेवला. "हे बघा रे," तो खोलीत ओरडला, "आपला अकाउंटंटसुद्धा वाढवतोय."

वर्षभर ज्यांनी मला पाण्याच्या बाटल्यांपलीकडे पाहिलं नव्हतं, ते एकेक करून येऊन माझी हनुवटी धरून बघू लागले. "आमच्या डिफेन्सपेक्षा दाट आहे," कॅप्टन म्हणाला. "आमच्या डिफेन्सपेक्षा काहीही दाट असतं," दुसरा म्हणाला. सुतकात आमच्याकडे माणसाला कुणी शिवत नाही. इथे सगळे गालावर थापट्या मारत होते. गुरुवारी प्लेऑफचा फोटो काढला तेव्हा कॅप्टनने मला काउंटरमागून ओढून पहिल्या ओळीत गुडघ्यावर बसवलं. कुणीतरी मला टीमचा स्वेटर दिला. घरी जाताना मी तो गिरावीनच्या रस्त्याने जॅकेटवरून घालून गेलो, थंडी फारशी नव्हती तरी.

सांगायला हवं होतं, असं आज वाटत नाही. तेव्हाही वाटत नव्हतं. मला ती माणसं आवडायला लागली होती आणि त्यांना माझी दाढी आवडत होती, एवढाच व्यवहार होता. अडचण फक्त शनिवारची होती. दहावा शनिवारी होता. कऱ्हाडची सकाळ म्हणजे सिडनीची दुपार, आणि सेमीफायनल दुपारीच. टीम हरली तर सगळेच दाढी करणार, प्रश्न मिटला. पण जिंकली तर रविवारची फायनल होईपर्यंत कुणी रेझरला हात लावणार नव्हतं, आणि पहिल्या ओळीत बसलेल्या माणसाने तर नाहीच.

शनिवारी धूर नेहमीपेक्षा जास्त सोडला. पहिल्या दोन रांगांतली माणसं खोकत होती. राष्ट्रगीत एका स्थानिक ब्यूटी पार्लरच्या मालकिणीने गायलं, कारण ती प्रायोजक होती. मग खेळ सुरू झाला आणि टीम अशी खेळली, जशी मी दोन वर्षांत पाहिली नव्हती. तीनपैकी दुसरा भाग संपला तेव्हा आम्ही दोन गोलांनी पुढे होतो. बर्फ सपाट करणारं मशीन बाहेर आलं. लोक पाय मोकळे करायला उठले, म्हातारा एका अनोळखी माणसाला मिठी मारत होता.

मी घड्याळ पाहिलं आणि तिकडे किती वाजले असतील याचा हिशेब केला. संगमावर आता पंचा गुंडाळून चार-सहा जण रांगेत बसले असतील, न्हावी एकेकाची मान वाकवत असेल. त्या रांगेत माझी जागा कोणती होती ते मला माहीत होतं. तिथे आज दुसरा कुणीतरी बसला असणार, आणि त्याला बहुधा दुपारच्या गाडीने परत जायची घाई असणार.

मी रिकाम्या खोलीत गेलो, कपाटावरून खोका काढला, एक पाकीट फोडून एक रेझर घेतला आणि प्रेक्षकांच्या स्वच्छतागृहात जाऊन दाढी केली. हात धुवायचा साबण, गार पाणी. दोन ठिकाणी कापलं. टीमचा स्कार्फ घातलेला एक माणूस आत आला, आरशात माझ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "जरा लवकर होतंय, मेट." मी हो म्हणालो. तो हात न धुताच गेला. मग मी नळाखाली डोकं धरलं आणि हात वाळवायच्या मशीनखाली वाकून केस वाळवले. काकांसाठी मी केलं ते एवढंच. रडू वगैरे आलं नाही. गार हवेत गाल झोंबत होते.

बाहेर येऊन मी सर्वांत मागे, अंधारात उभा राहिलो. तिसऱ्या भागात आम्ही तीन गोल खाल्ले.

खोलीत सगळे स्केट्स काढत होते. म्हातारा खोका घेऊन आला आणि थांबला. "हे पाकीट कुणी फोडलं?"

मी दारात ओले टॉवेल गोळा करत होतो. खोलीतली सगळी डोकी वळली.

"कधी केलीस?" कॅप्टनने विचारलं.

"दुसऱ्या ब्रेकमध्ये."

"तेव्हा आपण पुढे होतो."

"माहीत आहे."

"वीस मिनिटं," म्हातारा म्हणाला. तो खरंच दुखावला होता. "वीस मिनिटं धीर नाही धरवला तुला? पंधरा वर्षं वाट बघतोय मी."

यावर काही विनोद करता आला असता. मी म्हणालो, "माझे काका वारले. मला त्यांनीच वाढवलं. आमच्याकडे दहाव्या दिवशी दाढी करतात. तो आज होता, या वेळेला. मी तुमच्यासाठी वाढवली नव्हती."

आत एक शॉवर गळत होता. कॅप्टनने त्याच्याकडे पाहिलं, सवयीने. मग तो बाकावर सरकला आणि शेजारची जागा मोकळी केली. मी बसलो.

"काय करायचे ते?" त्याने विचारलं.

"बसस्टँडवर गाड्या पुकारायचे. माइकवरून."

"आमच्या निवेदकासारखं?"

"नाही. त्यांनी पुकारलेलं यायचं. उशिरा, पण यायचं."

कोपऱ्यातून कुणीतरी हसलं, मग दोघे-तिघे. म्हातारा हसला नाही. तो समोर आला, माझ्या गालावरचा काप पाहिला, खिशातून कळकट चिकटपट्टी काढून त्यावर लावली आणि म्हणाला, "पहिल्या दिवशीच सांगायला काय झालं होतं?" उत्तराची वाट न बघता तो खोका घेऊन रांगेने निघाला, प्रत्येकाच्या हातात एकेक रेझर देत.

बेसिनं तीन होती, माणसं वीस-बावीस. ते पाळीपाळीने उभे राहिले. कुणी कुणाची मान धरून मागचे केस साफ करत होतं. आज कुणी नेहमीसारखं शिव्या देत नव्हतं. ते माझ्यामुळे होतं की हरल्यामुळे, हे मी ठरवलं नाही. पुढच्या सीझनला निम्मे दुसऱ्या टीमला गेले आणि मी एका गोदामात रात्रपाळीला लागलो. पुन्हा कुणी भेटलं नाही. त्या दिवशी मात्र ते सगळे गेल्यावर मी बेसिनं साफ केली. काळे, पिवळे, पांढरे केस भरपूर होते, पाइप तुंबला होता आणि प्लंबर घरी गेला होता.

टूनगॅबीला पोचल्यावर काकूला फोन केला. तिकडे माणसांचे आवाज येत होते, कुणीतरी ताटं उचलत होतं.

"केलीस ना?" तिने विचारलं.

"केली."

"एकट्यानेच?"

"नाही. बरेच जण होते."

"म्हणजे? कुणी?"

"इथले, कामावरचे. आधी माझी झाली, मग ते सगळे बसले."

मागे कुणीतरी तिला चहाचं विचारत होतं.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "तुझीच आधी व्हायला हवी होती."